पाऊस कोणाचा कोणाबरोबर? प्रदेशांचे गट पाडण्याची जाळे-पद्धत

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. त्याच पावसाने सह्याद्रीच्या पलीकडे महाबळेश्वर, कोयनेचे पाणलोट क्षेत्र आणि कोल्हापूरचा पश्चिम भागही झोडपून काढला होता. हवामान खात्याच्या नकाशावर मात्र चिपळूण ‘कोकण आणि गोवा’ या उपविभागात येते आणि महाबळेश्वर ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात. त्याच मध्य महाराष्ट्रात माण, सांगोला, आटपाडी आणि जतही आहेत. म्हणजे एकाच झडीत सापडलेली दोन गावे वेगवेगळ्या रकान्यांत, आणि ज्यांचा पावसाळा एकमेकांसारखा मुळीच नाही अशी गावे एका रकान्यात.

यात खात्याचे काही चुकते असे नाही. देशातले ३६ हवामान उपविभाग राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या हद्दींवर बेतलेले आहेत. अंदाज आणि इशारे देण्यासाठी ते सोयीचे पडतात. पण एखादे पर्जन्यमापक बंद पडले तर त्याची नोंद कोणत्या केंद्रावरून भरून काढावी, पुराच्या इशाऱ्यासाठी कोणती ठिकाणे एकत्र पाहावीत, पावसाच्या उघडिपीचा अभ्यास कोणता भाग एक धरून करावा, असे प्रश्न आले की हद्दी बाजूला ठेवून पावसालाच विचारावे लागते. त्यासाठी जाळ्यांचे विश्लेषण, म्हणजे नेटवर्क अॅनालिसिस, हे हत्यार उपयोगी आहे. गावात कोणाची कोणाकडे उठबस आहे हे पाहिले की भावक्या कळतात, तसेच कोणत्या ठिकाणचा पाऊस कोणत्या ठिकाणच्या पावसाबरोबर येतो-जातो हे पाहिले की पावसाचे गट कळतात.

हा लेख भूगोल, कृषी, जलसंपदा किंवा संख्याशास्त्र या विषयांतले विद्यार्थी, शिक्षक आणि आकडेवारीशी रोजचा संबंध असलेल्या कार्यकर्त्यांसाठी आहे. महाराष्ट्राचे उदाहरण घेऊन पद्धत पायरीपायरीने पाहू.

आधी प्रश्न ठरवा

सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. ‘सारखा पाऊस’ याचे निदान तीन अर्थ होतात. पहिला, पावसाचे प्रमाण सारखे. दुसरा, पावसाळ्याचा आकार सारखा: कोकणात जून-जुलै जोराचे असतात, तर सोलापूरकडे सप्टेंबर. तिसरा, पाऊस एकाच वेळी कमी-जास्त होणे.

जाळ्याची पद्धत मुख्यतः तिसऱ्या अर्थाचे उत्तर देते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आलो की तो हजाराच्या आत येतो. तरीही दोन्हीकडे पावसाचा जोर एकाच वेळी वाढत-ओसरत असेल, तर सहसंबंध त्यांना एकाच गटात टाकील. हे उत्तर बरोबरच असेल, पण अशा गटाची एकच सरासरी काढून वाईच्या शेतकऱ्याला पीकसल्ला देणे घातक ठरेल. प्रमाणावर गट हवे असतील तर त्यासाठी साधी वर्गवारी पुरते. जाळे विणण्याची गरज नाही.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहा: ‘हे गट मला अमुक कामासाठी हवे आहेत.’ पुढचा प्रत्येक निर्णय या वाक्याशी ताडून घ्यावा लागतो.

आकडे कोणते घ्यावेत

नवख्यांसाठी हवामान खात्याची ०.२५ अंशाच्या चौकटींची दैनिक आकडेवारी सर्वांत सोयीची. ती पुण्यात तयार होते, १९०१ पासून उपलब्ध आहे आणि संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते. ६.५ ते ३८.५ अंश उत्तर आणि ६६.५ ते १०० अंश पूर्व या पट्ट्यात १३५ गुणिले १२९ चौकटींचा हा पट आहे. एक चौकट साधारण २७ किलोमीटरची. महाराष्ट्रात अशा सुमारे ४०० चौकटी बसतात. पायथॉनमध्ये ‘आयएमडीलिब’ नावाचे ग्रंथालय या फाइली थेट वाचते.

आकडे हाती आले की चार गोष्टी तपासा.

१. नसलेली नोंद उणे ९९९ अशी लिहिलेली असते. ती काढली नाही तर सरासरी हास्यास्पद येते. तिच्या जागी शून्य टाकणे हीही चूकच, कारण शून्य म्हणजे पाऊस पडला नाही आणि नोंद नसणे म्हणजे पाऊस मोजलाच गेला नाही.

२. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस अधिकृत नोंदीत २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांचा म्हणून येतो. उपग्रहाची किंवा खासगी केंद्रांची आकडेवारी मध्यरात्रीपासून मोजलेली असेल, तर दोन्ही मिसळताना एका दिवसाची तफावत पडते आणि खरे दुवे तुटतात.

३. चौकटीतला आकडा प्रत्यक्ष मोजलेला नसतो. आसपासच्या केंद्रांच्या नोंदींवरून, जवळच्या केंद्राला जास्त वजन देऊन, तो काढलेला असतो. वर सांगितलेल्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला फक्त ७३. एवढ्या अंतरातला असा फरक चौकटीच्या सरासरीत विरघळून जातो.

४. राज्याच्या सीमेवर कात्री लावू नका. चार-पाच चौकटींची किनार गोवा, कर्नाटक, तेलंगण, छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि गुजरातमधूनही घ्या. नाहीतर कडेच्या चौकटींना शेजारीच उरत नाहीत आणि गडचिरोली किंवा नंदुरबार विनाकारण एकाकी दिसतात. अरबी समुद्राच्या बाजूला हा उपाय नाही; कोकणाचे दुवे कमी दिसण्यामागे हेही एक कारण असते हे ध्यानात ठेवा.

ऋतूचा चढउतार वजा करा

जूनमध्ये सगळीकडे पाऊस सुरू होतो आणि ऑक्टोबरनंतर सगळीकडे थांबतो. वर्षभराचे आकडे तसेच घेतले तर कोणत्याही दोन ठिकाणांचा सहसंबंध चांगला येईल, पण त्यातून दोन्हीकडे मोसमी पाऊस पडतो याखेरीज काहीच कळणार नाही. म्हणून फक्त पावसाळा घ्या आणि प्रत्येक चौकटीसाठी त्या-त्या तारखेची दीर्घकालीन सरासरी वजा करा. उरलेला आकडा म्हणजे ‘नेहमीपेक्षा किती जास्त वा कमी’.

दैनिक आकड्यांत शून्ये फार असतात, विशेषतः मराठवाड्यात आणि माणदेशात. त्यावर सोपा तोडगा पाच-पाच दिवसांची बेरीज. १ जून ते २८ सप्टेंबर या १२० दिवसांत अशी २४ पंचके बसतात. ३० वर्षांची ७२०. परतीच्या पावसाचा अभ्यास करायचा असेल तर ऑक्टोबर वेगळा घ्या, जून ते सप्टेंबरमध्ये मिसळू नका. त्या पावसाची यंत्रणा निराळी आहे आणि गटही निराळे येऊ शकतात.

दुवा कशाला म्हणायचे

जाळ्यात प्रत्येक चौकट हा एक बिंदू. दोन बिंदूंचे वागणे पुरेसे सारखे असेल तर त्यांच्यामध्ये दुवा. हे ‘सारखे’ मोजण्याचे दोन मार्ग आहेत.

पंचकांच्या बेरजा घेतल्या असतील तर स्पिअरमनचा क्रम-सहसंबंध वापरा. पियर्सनचा सहसंबंध एखाद्या ढगफुटीसारख्या दिवसाच्या मागे फरफटत जातो. क्रमावर आधारलेला तेवढा हुरळत नाही.

प्रश्न अतिवृष्टीचा असेल तर दुसरा मार्ग घ्या: दोन्ही ठिकाणच्या जोरदार पावसाच्या तारखा किती वेळा जुळतात ते मोजा. याला घटनांचे समकालन म्हणतात. २००२ साली कियान किरोगा आणि सहकाऱ्यांनी ही रीत मेंदूतल्या विद्युतलहरींसारख्या संकेतांसाठी मांडली. २०१२ मध्ये निशांत मलिक, बोडो बुकहागेन, नॉर्बर्ट मारवान आणि युर्गेन कुर्थ्स यांनी ती दक्षिण आशियातल्या मोसमी अतिवृष्टीला लावून दाखवली.

इथे योगायोगाचा हिशेब आधी करावा. ३० पावसाळ्यांचे प्रत्येकी १२२ दिवस म्हणजे ३,६६० दिवस. प्रत्येक ठिकाणचे सर्वाधिक पावसाचे ५ टक्के दिवस घेतले तर १८३. दोन ठिकाणांचा काडीचाही संबंध नसला तरी यांतले सुमारे ९ दिवस निव्वळ योगायोगाने जुळतील. तेव्हा ९ किंवा १० जुळण्या सापडल्या तर त्या दुव्याला किंमत नाही. ७० किंवा ८० सापडल्या तर आहे.

विदर्भ आणि खानदेशाच्या बाबतीत एक दिवसाची सवलत द्यावी लागते. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र पश्चिमेकडे सरकताना गोंदिया-नागपूरला आधी पाऊस देते आणि जळगाव-धुळ्याकडे त्यानंतर. एकाच दिवसाचा हट्ट धरला तर हा संबंध निसटतो. मात्र ‘एक दिवस मागे-पुढे चालेल’ असे म्हटले की योगायोगाच्या जुळण्याही तिप्पट, म्हणजे २७ च्या आसपास जातात. सवलत वाढवाल तसा पुराव्याचा निकषही कडक करावा लागतो.

उंबरठा: किती दुवे ठेवायचे

४०० बिंदूंच्या ७९,८०० जोड्या होतात. नुसती ‘५ टक्क्यांची सार्थकता’ लावली तर कसलाच संबंध नसतानाही जवळजवळ ४,००० दुवे आपोआप तयार होतील. शिवाय ७२० पंचकांच्या मालिकेत ०.०७ च्या थोडा वर असलेला फिका सहसंबंधही या कसोटीवर सार्थ ठरतो. सार्थ असणे आणि उपयोगी असणे यांत इथे फार अंतर आहे.

व्यवहारात दोन गोष्टी एकत्र करा. पहिली, वर्षांची अदलाबदल: एका चौकटीचे पावसाळे सबंध ठेवून त्यांचा क्रम पिसा, म्हणजे १९९५ च्या जागी २००८ वगैरे, आणि सहसंबंध पुन्हा काढा. हे हजार वेळा केले की योगायोगाने किती मोठा आकडा येऊ शकतो ते कळते. दिवस सुटे पिसू नका. कालचा पाऊस आजच्या पावसाशी बांधलेला असतो आणि तो बांध तोडला तर कसोटी सैल होते. दुसरी, त्या कसोटीतून उतरलेल्या दुव्यांपैकी सर्वांत बळकट ५ ते १० टक्केच ठेवा. ५, ७ आणि १० टक्के असे तिन्ही करून पाहा. उंबरठा जरा हलवला की गट कोसळत असतील, तर ते गट तुमच्या उंबरठ्याने निर्माण केलेले आहेत, पावसाने नव्हे.

गट पाडणे

आता जाळे तयार आहे. ज्या बिंदूंमध्ये आपापसांत दुवे दाट आणि बाहेरच्यांशी विरळ, तो एक गट. हे शोधण्याची सर्वाधिक वापरातली रीत म्हणजे बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी, २००८ मधली पद्धत. तिच्यातून कधी कधी आतून तुटलेले गट निघतात हे पुढे लक्षात आले आणि २०१९ मध्ये लायडनची सुधारित पद्धत आली. आज नवे काम सुरू करणाऱ्याने लायडनच वापरावी. पायथॉनमध्ये ‘आयग्राफ’ आणि ‘लायडनअल्ग’, आर मध्ये ‘आयग्राफ’ पुरेसे आहे. हवामानाच्या जाळ्यांसाठीच लिहिलेले ‘पायुनिकॉर्न’ जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या संस्थेतून आले आहे. नकाशासाठी क्यूजीआयएस.

दोन सावधगिऱ्या घ्या. या पद्धती सुरुवात यदृच्छेने करतात, त्यामुळे प्रत्येक वेळी उत्तर थोडे बदलते. एकदा चालवून आलेला नकाशा कधीच अंतिम समजू नका. १०० वेळा चालवा आणि प्रत्येक जोडी किती वेळा एका गटात आली ते मोजा. दुसरे, ‘गट किती?’ याचे उत्तर यंत्र स्वतःहून देत असल्यासारखे वाटते, पण ते विभेदनाच्या (रेझोल्यूशनच्या) आकड्यावर अवलंबून असते. मॉड्युलॅरिटी हे गटांच्या दाटपणाचे लोकप्रिय माप फार लहान गटांना गिळून टाकते, हे फोर्तुनातो आणि बार्थेलेमी यांनी २००७ मध्ये दाखवून दिले. घाटमाथ्यासारखा अरुंद पट्टा मोठ्या गटात हरवला तर आश्चर्य मानू नका. विभेदनाचा आकडा ०.५ ते २ पर्यंत फिरवा आणि कोणते गट त्यातल्या बऱ्याच टप्प्यात अभंग राहतात ते पाहा.

शेजाराचा सापळा

या पद्धतीवरचा सर्वांत खरा आक्षेप असा की जवळच्या ठिकाणी पाऊस एकत्र पडतोच. मग जाळ्याने नवे काय सांगितले? आक्षेप टाळून पुढे जाऊ नका. चौकटींच्या आकडेवारीत तो आणखी बळावतो, कारण शेजारच्या दोन चौकटी बऱ्याचदा त्याच केंद्रांवरून भरलेल्या असतात. जिथे केंद्रे विरळ, तिथे दुवे दाट दिसतात, आणि तो पावसाचा गुण नसून मोजणीतली उणीव असते.

उपाय असा. सगळ्या जोड्या अंतराच्या टप्प्यांत विभागा: ५० किलोमीटरपर्यंत, ५० ते १००, १०० ते १५० असे. प्रत्येक टप्प्याचा मध्यक सहसंबंध काढा आणि त्याच्यापेक्षा ठळकपणे बळकट असलेल्या दुव्यांचे दुसरे जाळे करा. पहिला नकाशा सांगतो, कोण कोणाबरोबर भिजते. दुसरा सांगतो, अंतराच्या मानाने कोण अनपेक्षितपणे जवळ आहे आणि कोण दूर. सह्याद्रीचा कणा, पर्जन्यछायेची सीमा, विदर्भातून पश्चिमेकडे येणारी कमी दाबाच्या क्षेत्रांची वाट या गोष्टी शोधायच्या असतील तर दुसऱ्या नकाशात शोधा. जमल्यास थोड्या भागासाठी प्रत्यक्ष केंद्रांच्या नोंदी घेऊन हेच पुन्हा करा आणि चौकटींचे उत्तर पडताळा.

गट टिकतात का?

नकाशा देखणा आला म्हणून खरा ठरत नाही. तीन परीक्षा घ्या.

कालावधीची परीक्षा: १९६१ ते १९९० आणि १९९१ ते २०२० असे दोन भाग करून स्वतंत्र गट पाडा. दोन्ही वाटण्या किती जुळतात हे सुधारित रँड निर्देशांकाने मोजता येते. पूर्ण जुळणीला १, निव्वळ योगायोगाला ०. जुळणी कमी आली तर लगेच ‘हवामान बदलले’ असे जाहीर करू नका. त्या काळात केंद्रे किती सुरू झाली आणि किती बंद पडली ते आधी पाहा.

पद्धतीची परीक्षा: त्याच आकड्यांवर के-मीन्स किंवा श्रेणीबद्ध वर्गवारी करून पाहा. गाभ्याचे प्रदेश सगळ्या पद्धतींत तेच यायला हवेत. फरक पडेल तो सीमेवर.

कारणाची परीक्षा ही सर्वांत मोलाची. कोकण आणि घाटमाथ्याचा पाऊस किनाऱ्यालगतच्या कमी दाबाच्या पट्ट्याशी आणि डोंगराला अडणाऱ्या वाऱ्यांशी बांधलेला. पूर्व विदर्भाचा उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्रांशी. मराठवाडा या दोहोंपासून दूर, म्हणून तिथला पाऊस खंडित आणि स्थानिक ढगांवर जास्त अवलंबून. तुमचा एखादा गट अशा कोणत्याच यंत्रणेशी जोडता येत नसेल, तर आकडे पुन्हा तपासा.

सीमा ठळक रेषेने काढू नका

मावळ हा पट्टा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे: ना घाटमाथा, ना कोरडा देश. १०० पैकी ९५ वेळा एका गटात येणारी चौकट आणि ५५ वेळा येणारी चौकट एकाच रंगात रंगवली तर हे मावळपण पुसले जाते. म्हणून गटाच्या नकाशाबरोबर खात्रीचा नकाशाही द्या: ९० च्या वर गडद, ७० ते ९० फिका, त्याखाली करडा. करड्या चौकटी म्हणजे अपयश नव्हे. तिथे नवे पर्जन्यमापक बसवण्याची गरज सर्वाधिक आहे, हे त्यातून कळते.

गटांना नावेही जपून द्या. ‘मराठवाडा गट’ म्हटले की वाचक आठ जिल्हे धरतो. पण तुमच्या गटात सोलापूरचा काही भाग असेल आणि हिंगोली-नांदेडचा नसेल. क्रमांक द्या, किंवा भूरूपावरून नाव द्या.

वापर कसा कराल

बंद केंद्राची नोंद भरायची असेल तर त्याच गटातले, जास्त दुवे असलेले केंद्र निवडा. केवळ जवळचे नको. पुराच्या कामासाठी अतिवृष्टीच्या समकालनाचे गट घ्या. सांगलीला पूर येतो तेव्हा सांगलीत किती पाऊस पडला यापेक्षा कृष्णा-कोयनेच्या उगमाकडच्या चौकटी एकाच वेळी कोसळत होत्या का हे महत्त्वाचे असते. फळपीक विम्याच्या हवामान आधारित योजनेत भरपाई महसूल मंडळातल्या केंद्राच्या नोंदीवर ठरते. तिथे २७ किलोमीटरच्या चौकटींवरून काढलेले गट दाव्याचा पुरावा म्हणून वापरू नका. केंद्राची नोंद त्याच्या गटातल्या इतर केंद्रांशी वारंवार विसंगत दिसते का, एवढी शंका उपस्थित करण्यापुरतेच त्यांचे काम.

सुरुवात लहान ठेवा. एकच जिल्हा आणि त्याची किनार घ्या, त्यातही साताऱ्यासारखा, जिथे महाबळेश्वर आणि माण दोन्ही आहेत. ३० पावसाळे, पंचकांच्या बेरजा, एक जाळे, १०० फेऱ्या. साध्या लॅपटॉपवर हे काम सहज होते. गट आले की ते त्या भागातल्या जुन्याजाणत्या शेतकऱ्याला आणि तालुक्याच्या कृषी कर्मचाऱ्याला दाखवा. ते जिथे नकारार्थी मान हलवतील तिथले आकडे पुन्हा उघडा, आणि तुमच्या नकाशाखाली ‘हे गट कोणत्या प्रश्नासाठी आहेत’ हे वाक्य छापल्याशिवाय तो कोणाच्या हाती देऊ नका.